महिनाभराचा जिना

गेल्या वर्षी न्यूयॉर्कहून भाचीचा फोन आला. ती तिकडे घरांची अंतर्गत सजावट करणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली काम करते. "मामा, आमच्या बाईंना यंदा शो हाऊसमध्ये जिना मिळाला!"

"मिळाला म्हणजे? विकत घेतला?"

ती हसत सुटली. "अहो, सजवायला मिळाला. तोही स्वखर्चानं. आणि महिन्याभरानं सगळं काढून न्यायचं."

पदरमोड करून परक्याचा जिना सजवायचा आणि वर आनंद मानायचा! पण चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. मी वाचू लागलो.

१९१५ साली मॅनहॅटनच्या पूर्व बाजूच्या किप्स बे भागात मुलांसाठी एक क्लब निघाला. शाळा सुटल्यावर मुलांना जायला एक जागा हवी, एवढी साधी गरज. पुढे क्लबाचं काम ब्राँक्समध्ये गेलं, मुलीही येऊ लागल्या. गायिका जेनिफर लोपेझ लहानपणी याच क्लबात नाच शिकली. अशा कामाला पैसा लागतो आणि तो दरवर्षी लागतो. १९७३ साली क्लबाच्या काही हितचिंतकांनी युक्ती काढली. श्रीमंत वस्तीतला एक रिकामा वाडा मालकाकडून काही काळ मागून घ्यायचा. त्यातली एकेक खोली एकेका सजावटकाराला वाटून द्यायची. कुणाला दिवाणखाना, कुणाला न्हाणीघर, कुणाला जिना. घर सजलं की तिकीट लावून लोकांना दाखवायचं आणि पैसे क्लबाला द्यायचे.

यात निव्वळ परोपकार आहे असं समजू नका. घर बहुधा विकायला काढलेलं असतं, त्यामुळे मालकाला आयती गिऱ्हाइकं दिसतात. व्यापारी गालिचे, दिवे, खुर्च्या उसन्या देतात, त्यांच्या मालाची जाहिरात होते. सजावटकाराला नवी कामं मिळतात. मारिओ बुआटा यांनी १९८४ साली तिथे एक शयनगृह सजवलं होतं. फुलाफुलांचं छापील कापड आणि छत असलेला पलंग, असा जुन्या इंग्लिश घरांचा थाट. खोली काही आठवडेच टिकली, पण बुआटा २०१८ साली वारले तेव्हाही लोक तिची आठवण काढत होते.

ही कल्पना अगदीच आभाळातून पडलेली नव्हती. आपली नवी दिल्ली घडवणाऱ्या लट्येन्स यांनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघर रचलं होतं. सगळं खऱ्याच्या एक बारांश, नळाला पाणी आणि दिव्यांना वीजसुद्धा! १९२४ साली वेम्बलीच्या प्रदर्शनात ते मांडलं आणि पाहणाऱ्यांचे पैसे राणीच्या धर्मादाय कामांना गेले. न राहण्याच्या घरातून पैसा उभा करायची तऱ्हा तीच. सॅन फ्रान्सिस्कोतही १९७७ पासून असं घर सजतं, त्याचं उत्पन्न एका शाळेतल्या गरजू मुलांच्या फीसाठी असतं.

हे वाचताना मला सारखी आमची शाळा आठवत होती. घरी दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, अशी बरीच मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्यासाठी मी संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवायचो. विजेचं बिल वर्गणीतून भागायचं. एक व्यापारी सगळा खर्च उचलायला तयार झाले. अट एकच, दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. मी ताडकन म्हणालो, "या हाताचं त्या हाताला कळू नये, त्याला दान म्हणतात." ते नमस्कार करून निघून गेले. दोन वर्षांनी वर्गणी आटली आणि वर्गाला कुलूप लागलं. माझं तत्त्व शाबूत राहिलं. मुलं मात्र पुन्हा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसू लागली.

तेव्हा मला वाटलं होतं, मी दानाची अब्रू राखली. आज वाटतं, पाटीची किंमत मी भरलीच नाही, मुलांनी भरली. न्यूयॉर्कच्या त्या मंडळींनी माणसाच्या मिरवण्याच्या हौसेला नावं ठेवली नाहीत. तिला एक महिना, एक खोली आणि एक तिकीटखिडकी नेमून दिली. हौस दात्याची फिटते आणि दिवा मुलांचा जळतो.

महिन्यानंतर भाचीचा पुन्हा फोन आला. जिन्यावरचा गालिचा गुंडाळून परत गेला होता, भिंती नव्या मालकाच्या मर्जीवर सोडल्या होत्या. "इतकी मेहनत केली, वाईट वाटतं हो मामा," ती म्हणाली.

मी तिला त्या कुलूप लागलेल्या वर्गाची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाटी लावू द्यायची होती, मामा."

खरं आहे, बाळ. लावू द्यायची होती.