गोल फिरणाऱ्यांची सफ

लहानपणी धुळ्यात आमच्या मोहल्ल्याजवळच्या मैदानात एक ‘अखंड सायकल’वाला आला होता. सात दिवस, सात रात्री तो सायकलवरून खाली उतरणार नव्हता. मैदानाच्या मधोमध एक बांबू, त्यावर ट्यूबलाइट आणि भोंगा, आणि त्याभोवती याच्या फेऱ्या. अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, जेवण सायकलवर. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. मी अब्बांना विचारलं, हा नुसता गोल गोल फिरून कुठे चाललाय? अब्बा म्हणाले, “पोट भरायला.”

तो माणूस मला पुन्हा आठवला पुण्यात, बालेवाडीला. नात्यातला एक मुलगा सायकल शर्यतीच्या नादाला लागलेला. वडिलांचं जळगावात पंक्चरचं दुकान. पोरगा चाकाचा आऊट नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण शर्यतीचा ट्रॅक त्याने कधी पाहिला नव्हता, कारण खानदेशात तो नाहीच. म्हणून रात्रभराचा प्रवास करून आम्ही दोघं गेलो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, त्यात सायकलसाठी वेलोड्रोमही आहे. वेलोड्रोम म्हणजे लंबगोल धावपट्टी, वळणावर आतल्या बाजूला भिंतीसारखी कललेली. वेग पुरेसा असेल तर सायकल त्या उतारावर चिकटून राहते, वेग कमी पडला तर घसरते.

तिथे मुलांचा एकत्र सराव चालला होता. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच असतो आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. अशा सायकलींवर सहा-सात जण एकामागे एक. पुढच्याच्या मागच्या चाकात आणि मागच्याच्या पुढच्या चाकात जेमतेम वीतभर अंतर. सगळ्यात पुढचा वारा कापतो, त्यामुळे मागच्यांना बरीच कमी ताकद लागते. एक-दोन फेऱ्या झाल्या की पुढचा वळणावर वर, उताराच्या माथ्याकडे सरकतो. चढामुळे त्याचा वेग आपोआप कमी होतो. रांग खालून निघून जाते आणि तो अलगद खाली उतरून शेपटाला लागतो. दुसरा पुढे येतो. शिट्टी नाही, हुकूम नाही. मागे न बघता कुणी बाजू बदलायची नाही, रेष सोडायची नाही, अचानक दम टाकायचा नाही. एकाची चूक झाली तर सगळे पडतात.

मला सरळ नमाजची सफ आठवली. खांद्याला खांदा, रेष सरळ. इमाम पुढे असतो, पण नमाज सुरू असताना त्याचा वुजू तुटला तर तो मागे होतो आणि मागच्यातल्याच एकाला पुढे करतो. नमाज चालू राहते. पुढे असणं म्हणजे मालकी नव्हे, जबाबदारी आहे.

घरी आल्यावर या खेळाचा इतिहास वाचू लागलो, आणि आमच्या अखंड सायकलवाल्याचे पूर्वज तिथेच भेटले. १८७८ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात सहा दिवसांची सायकल शर्यत झाली. सहाच दिवस, कारण सातवा रविवार, चर्चचा. पुढे अमेरिकेत या शर्यतींनी जोर धरला. माणसं झोपेविना फिरत, भ्रमिष्टासारखी होत आणि लोक तिकीट काढून ते बघत. शेवटी न्यूयॉर्कमध्ये कायदा आला की एका माणसाने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त सायकल चालवायची नाही. त्यातून दोघांच्या जोडीची शर्यत निघाली. एक पळतो, दुसरा दम घेतो, आणि हाताला हात धरून एक दुसऱ्याला पुढे झोकून देतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून तिचं नावच ‘मॅडिसन’ पडलं. ती आजही ऑलिम्पिकमध्ये आहे.

पण याच ट्रॅकचा दुसरा चेहराही आहे. मेजर टेलर हा अमेरिकेतला काळा मुलगा, जन्म १८७८, इंडियानापोलिसचा. सायकलच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक जमवायला दुकानासमोर शिपायाचा डगला घालून कसरती करायचा, म्हणून नाव ‘मेजर’. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने काळ्यांना सभासदत्व बंद केलं. टेलर ट्रॅकवर उतरला की गोरे स्वार मिळून त्याला घेरायचे, पुढे जायला वाट द्यायचे नाहीत. एकाने तर शर्यतीनंतर त्याचा गळा दाबला. तरी १८९९ मध्ये माँट्रिअलला तो जगज्जेता झाला. धर्माने पक्का, त्यामुळे युरोपातून मोठ्या पैशांची बोलावणी आली तेव्हाही रविवारी शर्यत खेळायला नकार दिला. जुम्म्याच्या वेळी गल्ल्यावरून उठणाऱ्या दुकानदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. १९३२ मध्ये शिकागोत तो गरिबीत मेला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी पुढाकार घेऊन त्याला सन्मानाने पुन्हा दफन केलं.

म्हणजे वारा वाटून घेणारी रांग आणि एकाला कोंडणारी रांग, दोन्ही तीच माणसं करतात. ट्रॅक तोच असतो.

त्याच १९४८ मध्ये भारताचे सायकलपटू पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेले. त्यात पारशी तरुणांचा भरणा होता. लंडनच्या हर्न हिल ट्रॅकवर चौघांच्या सांघिक शर्यतीतही ते उतरले. या शर्यतीत आज तिसऱ्या स्वाराची वेळ संघाची वेळ धरतात. पहिला कितीही पळाला तरी तिसरा मागे राहिला तर उपयोग नाही. भारत पुढे १९५२ आणि १९६४ मध्ये गेला. त्यानंतर आजवर आपला एकही सायकलपटू ऑलिम्पिकला गेलेला नाही.

आपल्या पोरांत ताकद नाही असं मात्र नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत लाकडी ट्रॅकचा बंदिस्त वेलोड्रोम झाला. तिथे कायमचा सराव सुरू झाला आणि २०१९ मध्ये जर्मनीत ज्युनिअर जागतिक स्पर्धेत भारताच्या सांघिक स्प्रिंटला सुवर्ण मिळालं. त्या संघात अंदमान-निकोबारचा एसो अल्बन होता, मणिपूरचे रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग होते. दिल्ली-मुंबईची ही पोरं नव्हती. दूरच्या बेटावरच्या पोराला ट्रॅक, प्रशिक्षक आणि सोबतीला रांग मिळाली, एवढाच फरक.

आमच्या मोहल्ल्यांत सायकल पिढ्यांपासून आहे, पण हत्यारांच्या पेटीजवळ. आम्ही ती दुरुस्त केली, भाड्याने दिली, तिच्यावर पाव आणि भंगार विकलं. तिच्यावर बसून शर्यत जिंकायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि खरं बोलायचं तर आम्हीही आमच्या पोरांना सांगितलं नाही. पोरगा सराव करतो म्हटलं की पहिला सवाल आपलाच असतो: यातून मिळणार काय? अखंड सायकलवाल्याबद्दल अब्बांनी दिलेलं उत्तर आमच्या मनात घर करून बसलंय.

जळगावला किंवा धुळ्याला ट्रॅक कधी होईल ते सरकार जाणे. मागणी करत राहिलं पाहिजे. पण बालेवाडीहून परतल्यावर त्या मुलाने आणखी तिघांना जमवलं. त्यातला एक पाटलांचा, एक कोळ्यांचा. फजरनंतर, ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत, ते पाळधीच्या रस्त्याला जातात. एक किलोमीटर एकाने वारा कापायचा, मग बाजूला होऊन मागे यायचं. परवा मी मोटारसायकलवरून त्यांच्या मागे गेलो. सगळ्यात कच्चा पोरगा पुढे होता आणि बाकीचे तिघे त्याच्या वेगाने चालले होते. विचारलं तर म्हणाले, “सर, आत्ता त्याची पाळी आहे.”