धडधड आवरणाऱ्या गोळीची कुळकथा

ऊस तोडून, वाढे छाटून, मोळ्या बांधून झाल्या की भरणी सुरू होते. डोक्यावर मोळी, पायाखाली ट्रकला टेकवलेली अरुंद फळी, आणि ट्रक भरत जाईल तसा वाढत जाणारा चढ. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात या कामाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. या फळीवर धडधाकट तरुणाची नाडीसुद्धा मिनिटाला दीडशेच्या पुढे सहज जाते. आता अशा माणसाच्या पिशवीत बीपीची, अर्धशिशीची किंवा हात थरथरण्याची गोळी म्हणून बेटा-ब्लॉकर असेल, तर फळीवर त्याचं काय होतं? याचं उत्तर या गोळीच्या घराण्यात सापडतं. गोळी जन्मली हृदयासाठी, पण तिच्या घराण्याला वळण लावलं ते फुप्फुसांनी, असं माझं मत आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात होते. घाबरलं की अंगात ॲड्रेनालिन उसळतं हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण तेच ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं आणि श्वासनलिका मात्र सैल सोडतं, हे कोडं सुटत नव्हतं. रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनालिनच्या जातकुळीतले काही पदार्थ वेगवेगळ्या अवयवांवर लावून पाहिले. कोणता पदार्थ जास्त जोरकस, याचा क्रम दोनच प्रकारचा येत होता. म्हणजे पेशींवर ॲड्रेनालिन घेणाऱ्या जागा दोन तऱ्हेच्या असणार. 1948 साली त्यांनी त्यांना अल्फा आणि बेटा अशी नावं दिली. एका नियतकालिकाने निबंध परत पाठवला, दुसऱ्याने छापला आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. आल्क्विस्ट यांच्या वाटणीत हृदय आणि श्वासनलिका, दोन्ही बेटाच्याच घरात पडले. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

अल्फाची भावकी आपल्याकडे विंचवामुळे ओळखीची झाली. लाल विंचवाच्या विषाने अंगात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला प्राझोसिन हे अल्फा-ब्लॉकर वापरून त्या आवळलेल्या वाहिन्या सोडवल्या आणि कोकणातले असंख्य जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा रुग्णाची नाडी धावते म्हणून कुणी बेटा-ब्लॉकर दिलं, तर थकलेल्या हृदयाचा उरलासुरला आधारच काढून घेतल्यासारखं होतं. एकाच घराण्यातली दोन औषधं, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

बेटाची जागा अडवण्याचं डोक्यात घेतलं ते स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाच्या हृदयाला जास्त रक्त कसं पोचवायचं, हा तेव्हाचा सर्वांचा विचार. ब्लॅकनी प्रश्न उलटा केला: हृदयाची प्राणवायूची गरजच कमी केली तर? 1958 साली ते आयसीआय कंपनीत दाखल झाले. पहिलं औषध प्रोनेथॅलॉल. अल्डर्ली पार्क इथल्या प्रयोगशाळेवरून त्याचं बाजारातलं नाव ‘अल्डरलिन’ पडलं. उंदरांत गाठी दिसल्या आणि ते मागे पडलं. मग आलं प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ‘इंडेरल’. जुन्या नावाची रोमन अक्षरं फिरवून, एक ‘एल’ गाळून हे नाव तयार होतं. बारशाला फार डोकं खाजवलेलं दिसत नाही. 1988 साली ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

छातीतली कळ थांबली, पण दमेकऱ्यांना या गोळीची किंमत लगेच कळली. 1964 सालच्याच ‘लॅन्सेट’मध्ये दमेकऱ्यांवर प्रोप्रॅनोलॉलचा काय परिणाम होतो याचा निबंध आहे. श्वासनलिकांभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. मेंदूकडून येणारी व्हेगस नस ते आवळत असते, आणि रक्तातून फिरणारं ॲड्रेनालिन बेटाच्या जागी बसून ते सैल करत असतं. निरोगी माणसात आवळणं फार नसतंच, म्हणून सैल करणारा हात काढून घेतला तरी फुंकर मारायच्या यंत्रावरचा आकडा जवळपास तोच राहतो. दमेकऱ्याची नळी मात्र त्या हाताच्या जिवावर उघडी असते. तो गेला की छातीत घरघर सुरू. भरीस भर म्हणजे अशा वेळी नेहमीचा पंप मारूनही पुरेसा उतार पडत नाही, कारण पंपातलं औषध ज्या जागेवर बसायचं तिथे गोळी आधीच बसलेली असते.

याच धक्क्यातून दोन्ही बाजूंना शोध सुरू झाला. 1967 साली कळलं की बेटाच्याही दोन पोटशाखा आहेत: हृदयात मुख्यतः पहिली, श्वासनलिकांत मुख्यतः दुसरी. दुसरीला चेतवून पहिलीला फारसा धक्का न लावणारं साल्ब्युटामॉल ब्रिटनमध्ये तयार झालं. पहिली अडवून दुसरीला सोडणारं प्रॅक्टोलॉल आलं. त्याने डोळे, कातडी आणि पोटाच्या आतल्या पडद्याचे भयंकर विकार होतात असं दिसल्यावर सत्तरच्या दशकाच्या मध्याला ते मागे घ्यावं लागलं. त्याच सुमारास मेटोप्रोलॉल आणि अटेनोलॉल आले. आज आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर दिसतात ती बहुधा हीच. यांना हृदयनिवडक म्हणतात खरं, पण डोस वाढवला की ही निवड पातळ होत जाते.

या घराण्याची मुंबई शाखाही आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी फक्त ते बनवण्याच्या कृतीला पेटंट मिळू लागलं. प्रोप्रॅनोलॉल इथे बनवायला आयसीआयने हरकत घेतली तेव्हा थेट इंदिरा गांधींकडे दाद मागितली, असं सिप्लाचे युसुफ हमीद सांगत आले आहेत. सिप्लाचं प्रोप्रॅनोलॉल ‘सिप्लार’ या नावाने विकलं जाऊ लागलं, आणि साल्ब्युटामॉल ‘अस्थालिन’ या नावाने. बेटा अडवणारं आणि बेटा जागवणारं, दोन्ही एकाच कंपनीचं. गावच्या मेडिकलमध्ये दोन्ही खोकी हाताच्या अंतरावर असतात, म्हणून ‘धडधडतंय, काहीतरी द्या’ असं म्हणत चिठ्ठीविना मागणाऱ्याला दुकानदाराने आधी दमा आहे का ते विचारायला हवं.

आता फळीवर परत. बेटा-ब्लॉकर घेतलेल्या माणसाची कमाल नाडी पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त उतरते. 180 ची 135 वर आली तर नवल नाही. म्हणून त्याची काम करायची ताकदही तेवढीच घटते असं मात्र नाही. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं: खेपा कमी, पण दर खेपेची मोळी मोठी. स्नायूही रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतात. एकूण प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्यामुळे साधारण पाच ते पंधरा टक्केच घटते. फुप्फुसांत येणारी-जाणारी हवा ठराविक कामाला होती तेवढीच राहते. तरीही माणूस ‘दम लागतो’ म्हणतो, कारण पाय आधी भरून येतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या सरसकट अडवणाऱ्या गोळीने साठवलेली चरबी आणि साखर मोकळी व्हायला अडथळा येतो, स्नायूंतून बाहेर पडलेलं पोटॅशियम परत आत जायला वेळ लागतो, आणि दिवसभर टिकून करायचं काम नेमकं इथे मार खातं. पायातला हा थकवा आणि छातीतली घरघर, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत; घरघर असेल तर गोळी बदलायला हवी. चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या, आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायका आपल्याकडे खूप. त्यांच्या बाबतीत हा फरक विशेष जपून करावा लागतो.

अशा माणसाने नाडी मोजून आपला जोर ठरवू नये, ती खोटं सांगते. चढताना दोन वाक्यं सलग बोलता येतात का, हे पाहावं. आणि कारखान्यावर गेल्यावर पाकीट संपलं म्हणून गोळी एकदम बंद करू नये. गोळीच्या काळात बेटाच्या जागा वाढलेल्या असतात; अडवणारा अचानक उठला की ॲड्रेनालिन त्या सगळ्यांवर एकदम तुटून पडतं, आणि हृदयविकार असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. उचल घेऊन सहा महिन्यांसाठी निघालेल्या माणसाला एका महिन्याच्या गोळ्या लिहून देणं म्हणूनच मला अर्धवट उपचार वाटतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावून रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या खेळात उत्तेजकांच्या यादीतून बेटा-ब्लॉकर वगळलेलं आहे, कारण ते घेऊन कुणी जास्त धावणार नाही. नेमबाजीत आणि तिरंदाजीत मात्र बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलपायी गेली. नेमबाजाला हवा असतो तो स्थिर हात, आणि दोन ठोक्यांमधलं लांबलेलं अंतर.

घराण्यातलं सर्वांत लबाड अपत्य पोटात घ्यायचंच नसतं. 1978 पासून अमेरिकेत टिमोलॉलचे थेंब काचबिंदूसाठी मिळू लागले आणि पुढे जगभर पसरले. थेंब डोळ्यातून अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो, तिथून यकृताला वळसा घालून सरळ रक्तात जातो, आणि तोही सरसकट अडवणाराच आहे. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला डोळ्यांचे थेंब कुणी सांगत नाही. मग परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्याची छाती भरून आली, तर सगळे वयाला बोल लावतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध बरंच घटतं. दमेकऱ्याला मात्र टिमोलॉल टाळून काचबिंदूचे दुसऱ्या जातीचे थेंब मागून घ्यावे लागतात, आणि ते मिळतात.