षटकांमधील जाहिरात आणि नांदेड-लातूरचा क्रिकेटप्रेक्षक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील ‘सुपर बोल’ हा फुटबॉलचा अंतिम सामना मुख्यतः जाहिरातींसाठी पाहणारा मोठा वर्ग तेथे आहे. २२ जानेवारी १९८४ च्या सामन्यात दाखविलेली ‘ॲपल’ची जाहिरात आजही चर्चिली जाते. त्या दिवशी जिंकले कोण, हे मात्र अनेकांना आठवत नाही. मराठवाड्यात या प्रथेचे समांतर उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते क्रिकेटमध्येच सापडते. सहा चेंडूंनंतर येणारा विराम हा या खेळाचा मूळ नियम. त्याच विरामात जाहिरातीला जागा मिळाली. प्रस्तुत लेखात या विरामाकडे प्रेक्षकांच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आहे.

दूरदर्शनवर जाहिरातींना १ जानेवारी १९७६ पासून प्रारंभ झाला. रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी लातूर जिल्हा अस्तित्वात आला. हा निव्वळ योगायोग असला तरी या जिल्ह्याचा आणि रंगीत पडद्याचा काळ एकच, हे लक्षात घ्यावयास हवे. १९९६ च्या विश्वचषकात कोका-कोला हे अधिकृत पेय होते आणि पेप्सीने जाहिरातींतून त्या अधिकृतपणाचीच थट्टा केली. मैदानावरील लढतीइतकीच ही दुसरी लढतही रंगली.

‘आयपीएल’च्या २००९ मधील हंगामात जाहिरातीने सामन्यावर मात केली, असे म्हणता येईल. निवडणुकांमुळे ती स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली होती. व्होडाफोनच्या ‘झूझू’ या पांढऱ्या, मोठ्या डोक्याच्या आकृत्यांच्या जाहिराती तेव्हा एकामागून एक प्रसारित झाल्या. त्या संगणकावर रेखाटलेल्या नव्हत्या. पोशाखाच्या आत माणसेच होती. झूझूंची बोली कोणत्याही मानवी भाषेत मोडत नव्हती. नांदेडमध्ये मराठीबरोबर उर्दू, तेलुगू व पंजाबी, तर लातूरच्या सीमाभागात कन्नड बोलली जाते. अशा प्रदेशात भाषांतराची गरजच नसलेली जाहिरात आबालवृद्धांना सारखीच कळावी, यात नवल नाही. विज्ञापनशास्त्राने या बाबीची नोंद घेतली. भाषिक इतिहासाने मात्र फारशी घेतलेली नाही.

तथापि, हा प्रेक्षक एकसंध होता काय? येथे कायद्याचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्याच वादात सांगितले. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. ते प्रक्षेपण ‘जाहिरातींविना’ द्यावयाचे होते. मोकळ्या जागेत दूरदर्शन स्वतःच्या जाहिराती दाखवी व त्या उत्पन्नाचा किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाकडे जाई.

याचा अर्थ असा की, २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवरील अंतिम सामना केबलच्या घरात व अँटेनाच्या घरात एकाच वेळी दिसला, परंतु षटकांमधील जग दोन्हीकडे वेगळे होते. झूझूंच्या बाबतीत तर भेद अधिक तीव्र होता. आयपीएलचे सामने या कायद्याखालील सूचीत नव्हते. ज्याच्या घरी केबल नव्हती, त्याला सामना पाहण्याचा हक्क कायद्याने दिला. विकत घेणारा म्हणून त्याला साद घालण्याची निकड मात्र मोठ्या कंपन्यांना तितकी भासली नसावी. भारनियमनाने संध्याकाळी पडदाच काळा होत असे, ही बाब निराळी.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे सामायिक प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणावर व डीटीएच सेवेवरच दाखविता येईल. त्यानंतर खाजगी केबलवर दूरदर्शनची राष्ट्रीय वाहिनी चालू राहिली. पण सामना तीवर दिसेनासा झाला.