गिरणगावचा शिमगा आणि बावन्न रुपयांचा संसार

गणपतीच्या स्मरणिकेत शिमग्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातले जुने लोक मुंबईच्या गिरण्यांत नाहीतर परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते. त्यांचे वर्ष दोन खांबांवर उभे असे, भाद्रपदातला गणपती आणि फाल्गुनातला शिमगा. गणपतीवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितो. शिमग्याचा जमाखर्च मात्र कोणी मांडत नाही. आकड्यांशी रोजचा संबंध असलेला माणूस म्हणून तो मांडून पाहतो.

त्याला साधन चांगले आहे. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि १९२३ साली अहवाल छापला. २,४७३ कुटुंबांचा हिशेब त्यात आहे. सरासरी मिळकत महिना ५२ रुपये ४ आणे ६ पै. त्यातले ५६.८ टक्के, म्हणजे जवळजवळ ३० रुपये, नुसते पोटात जात. कपड्याला पाच, सरपण आणि दिवाबत्तीला चारच्या आत, भाड्याला चार. या चार रुपयांत एक खोली मिळे. शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. उरले साडेनऊ-पावणेदहा रुपये, ते 'किरकोळ' या सदरात घातलेले. हजामत, विडी, पानसुपारी, औषध, गावचा प्रवास, कर्जाचे व्याज आणि करमणूक, सगळे त्याच एका सदरात!

एवढ्या पैशांत करमणूक कसली होणार? पण गिरणगावाइतकी करमणूक फार थोड्या वस्त्यांत झाली असेल. कारण कलाकार विकत आणावा लागत नसे. साच्यावर दिवसपाळी करणारा माणूस रात्री भजनाला पेटीवर बसे. डबलबारी रंगे, शक्ती-तुऱ्याचे सवालजवाब चालत, आखाड्यात पोरे घुमत. गावकीच्या खोलीत दहा-वीस गाववाले एकत्र राहत, त्यातच मृदंगवाला सापडे आणि राधा होणाराही. पुढे १९२२ साली परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह उभे राहिले आणि कामगारांच्या नाटकांना छप्पर मिळाले. (ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले.) लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा होई, त्याला तिकीट पडे. बायकांना यात किती वाटा होता, हा प्रश्न विचारायलाच हवा. नवरा खाणावळीत जेवला नाही तर त्याचा खाडा लागे; खाणावळ चालवणाऱ्या बाईला खाडा नव्हता.

खरा खर्च शिमग्याचा. कोकणात ग्रामदेवतेची पालखी घरी येते, तेव्हा घरातला कर्ता दारात हवा. त्यासाठी मुंबई सोडायची. आगबोटीने हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असे बंदर गाठायचे, तिथून पडावाने किनारा, पुढे बैलगाडी नाहीतर पायपीट. परळ वर्कशॉपातल्या कोकणी माणसाला रेल्वेचा पास मिळाला तरी करायचे काय? त्याच्या गावाला रेल्वेच नव्हती. ती पूर्ण व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला.

भाड्यापेक्षा जड पडे तो बुडालेला पगार. भरपगारी रजा कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने मिळाली ती १९४५ च्या दुरुस्तीने, आणि तीही वर्षाला दहा दिवस. त्याआधी गावी काढलेला प्रत्येक दिवस खिशातून जाई. शिवाय जागेवर बदलीवाला उभाच. एकाच्या शिमग्यावर दुसऱ्याच्या घरची चूल पेटे, आणि परत आल्यावर आपला साचा परत मिळवायला जॉबरची मर्जी राखावी लागे. शिमग्याच्या पाठोपाठ घाटावर चैत्राच्या जत्रा आणि मग लग्नसराई. म्हणजे वसंत ऋतू हा कर्जाचाही ऋतू. त्याच पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली. व्याज रुपयाला महिना एक आणा! ऐकायला एक आणा, पण वर्षाचे ते ७५ टक्के होतात. शंभर रुपये काढले तर महिना सव्वासहा रुपये नुसते व्याज, म्हणजे भाड्याच्या दीडपट.

हे पाहून त्या काळचे शहाणे लोक कामगाराला उधळ्या म्हणत. मला ते पटत नाही. भाड्याच्या एका खोलीत म्हातारपण काढता येत नव्हते, पेन्शन नव्हती, संप किंवा आजार आला की गावच आधार. त्या गावात आपले नाव चालू ठेवायचे तर वर्षातून एकदा पालखीला खांदा द्यावाच लागे. आपण प्रॉव्हिडंट फंडात पैसे टाकतो, त्याने ते शिमग्यात टाकले.

याचा पडताळा १९८२ साली आला. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षीचा शिमगा पगाराशिवाय उजाडला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यांतले कितीतरी गावी गेले, शेतावर राबले, तिथेच तगले. पुष्कळ जण परत आलेच नाहीत. गंमत म्हणायची की काय, आपला महागाई भत्ता ज्या अखिल भारतीय निर्देशांकावर वर्षानुवर्षे मोजला गेला, त्याचे पायाभूत वर्षही १९८२ च. त्या वर्षीच्या कामगाराचा खर्च म्हणजे १००. पुढे २००१ चा आणि नंतर २०१६ चा पाया आला.

आता शिमग्याला मुंबईहून कोकणात जादा गाड्या सुटतात. वेटिंग लिस्ट पाहिली की कळते, पालखीला खांदा द्यायला अजून माणसे जातात. फक्त आता त्यांना रजेचा पगार मिळतो. ज्यांना मिळतो, त्यांना.