विस्मृत तबकड्या : इंग्लंड, १९६९ ते १९७१

इंग्लंडातील रॉक संगीताचा इतिहास सांगावयास कोणी बसले म्हणजे लेड झेपेलिन, किंग क्रिम्सन, ब्लॅक सॅबथ ही नावे आपोआप पुढे येतात. ती यावीतच, त्यांची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु पेशवाईचा इतिहास म्हणजे केवळ पहिले बाजीराव आणि थोरले माधवराव नव्हेत, हे मराठी श्रोत्यांस निराळे सांगावयास नको. मोठ्या नावांच्या सावलीत जे वाढले आणि तेथेच कोमेजले, अशा तीन-चार तबकड्यांची शिफारस मी आज आपल्यापुढे करणार आहे.

या तबकड्या निघाल्या कशा, हे आधी पाहिले पाहिजे. १९६९ च्या सुमारास ग्रामोफोन कंपन्यांच्या ध्यानात आले की, नवा तरुण श्रोता आता एकेक सुटे गाणे घेऊन तृप्त होत नाही. त्याला चाळीस मिनिटांची संपूर्ण तबकडी हवी असते. त्यासरशी प्रत्येक मोठ्या कंपनीने आपली एक नवी शाखा उघडली. ईएमआयने ‘हार्वेस्ट’ काढली, फिलिप्सने ‘व्हर्टिगो’, पायने ‘डॉन’. १९७१ मध्ये आरसीएची ‘निऑन’ आली. यांतले कोणते बी रुजेल याचा अंदाज कोणालाच नव्हता, म्हणून दिसेल त्या बँडला संधी मिळाली. पेरणी भरमसाट झाली, राखण मात्र फारशी कोणी केली नाही. चांगले पुष्कळसे वाया गेले ते त्यामुळे.

‘निऑन’च्याच मोजक्या तबकड्यांत लेस्टर शहराच्या ‘स्प्रिंग’ या बँडची एकुलती एक तबकडी आहे. वेल्समधील रॉकफील्ड येथे तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि एल्टन जॉनचे निर्माते गस डजन यांनी ते केले. तिचे वैशिष्ट्य असे की, या पाच जणांपैकी तिघे मेलोट्रॉन वाजवीत. हे वाद्य मोठे मौजेचे आहे. बर्मिंगहॅम येथे १९६३ पासून ते तयार होऊ लागले. बाहेरून पाहिले तर आपल्या पेटीसारख्या पट्ट्या. पण आत भाता नाही, सूर नाहीत. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिनांचा, बासरीचा वा गायकवृंदाचा एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते व तो स्वर उमटतो. मात्र फीत सुमारे आठ सेकंदांची. ती संपली की स्वरही संपला. बोट उचलले म्हणजे स्प्रिंग तिला मूळ जागी ओढून नेते. हवेतील दमटपणाने आणि विजेच्या चढउताराने सूर किंचित डळमळतो, आणि या वाद्याचा सारा करुण रस त्या डळमळण्यातच आहे. ‘स्प्रिंग’ने ही उणीव लपविली नाही, तिच्यावरच आपली गाणी उभी केली. तबकडी खपली नाही. दुसरीसाठी केलेले मुद्रण त्या काळी बाहेरच आले नाही. त्यांचा तबलजी—ड्रमवादक म्हणू या—पिक विदर्स पुढे ‘डायर स्ट्रेट्स’मध्ये जगप्रसिद्ध झाला; बाकीचे विस्मृतीत गेले.

‘टी-टू’ या त्रिकुटाची ‘इट्ल ऑल वर्क आउट इन बूमलँड’ ही तबकडी डेकाने १९७० मध्ये काढली. तीत चारच रचना आहेत, आणि ‘मॉर्निंग’ ही एकच रचना दुसरी संपूर्ण बाजू व्यापते : एकवीस मिनिटे! गिटारवादक कीथ क्रॉस तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. विलंबित ख्याल ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही लांबी जड जाऊ नये. बढतीची कल्पना येथेही आहे. आलापीचा संयम मात्र नाही, हे मान्य केले पाहिजे.

‘हाय टाइड’ची १९६९ ची ‘सी शँटीज’ याहून रांगडी आहे. टोनी हिलची गिटार आणि सायमन हाउसचे व्हायोलिन एकमेकांशी अक्षरशः झुंजतात. व्ही. जी. जोगांचे व्हायोलिन ज्यांच्या कानांत आहे, त्यांना हा कर्कश बाज प्रथम रुचणार नाही. दोनदा ऐकावा.

‘लीफ हाउंड’च्या ‘ग्रोअर्स ऑफ मशरूम’विषयी थोडे स्पष्ट बोलतो. १९७१ मध्ये ही तबकडी इंग्लंडच्या दुकानांत येईपर्यंत बँड मोडला होता आणि गायक पीटर फ्रेंच ‘अटॉमिक रूस्टर’कडे वळला होता. प्रती थोड्या निघाल्या. म्हणून आज संग्राहक मूळ प्रतीसाठी हजारो पौंड मोजतात. ही किंमत दुर्मिळतेची आहे, संगीताची नव्हे. ‘फ्रीलान्स फीन्ड’ हे पहिले गाणे दणदणीत आहे, यात शंका नाही. परंतु त्यासाठी घर गहाण टाकण्याचे कारण नाही. या साऱ्या तबकड्या पुढे सीडीवर पुन्हा निघाल्या आणि ‘स्प्रिंग’ची करुणा तीवरही शाबूत आहे.

नवख्या रसिकाने ‘स्प्रिंग’पासून आरंभ करावा, मग ‘लीफ हाउंड’, आणि कान तयार झाल्यावर ‘हाय टाइड’. ‘मॉर्निंग’ मात्र जेवणाची पाने वाढली असताना लावू नये. एकवीस मिनिटे खरोखर मोकळी असतील तेव्हाच लावावी.