ना. ह. आपटे यांच्या तीन कथा आणि कॅमेऱ्याचे निवेदन

कादंबरीवरून चित्रपट निघाला की साहित्याचे अभ्यासक बहुधा एकच प्रश्न विचारतात: मूळ कथानकातले काय राहिले आणि काय गळले? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. कथानक हे कादंबरीचे सर्वस्व नव्हे, हे आपण वर्गात शिकवतोच. निवेदक कोण, त्याचा दृष्टिकोन कोणता, सूर कसा, यांची चर्चा करतो. चित्रपटाची वेळ आली की मात्र निवेदकाची चौकशी राहून जाते. चित्रपटातील निवेदनाचा फार मोठा भार कॅमेरा वाहत असतो. मराठी चित्रकर्त्यांनी कॅमेऱ्याला हे काम कसे शिकवले, याचा माग काढण्यासाठी आम्हांला एका कादंबरीकाराचे नाव सोयीचे वाटते, ते म्हणजे नारायण हरी आपटे (१८८९–१९७१). ‘सावकारी पाश’ (१९२५), ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘कुंकू’ (१९३७) या तिन्ही चित्रपटांच्या मुळाशी त्यांचेच लेखन आहे.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. डोळ्यांना एरवी न दिसणारे दाखवणे, हे कॅमेऱ्याचे सामर्थ्य त्यांनी त्यातून ओळखले आणि पुढे पौराणिक चमत्कारांसाठी वापरले. मात्र चमत्कार वगळता त्यांचा कॅमेरा बहुतांशी रंगमंचासमोरच्या प्रेक्षकासारखा स्थिर राहतो. समोर घडते ते तो पाहतो. त्यावर भाष्य करीत नाही.

भाष्याकडे वळण्याची पहिली मोठी खूण कोल्हापुरात दिसते. बाबुराव पेंटर मुळात चित्रकार. बंधू आनंदराव यांच्या निधनानंतर दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वदेशी कॅमेरा पुरा केला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. पेंटरांनी १९३६ मध्ये हाच विषय बोलपटात पुन्हा हाताळला. त्यातील एक दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात कायमचे राहिले होते: मंद उजेडात दुरून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे. या दृश्यात घटना काहीच घडत नाही. कादंबरीकाराला दारिद्र्याच्या वर्णनासाठी जो परिच्छेद लिहावा लागला असता, त्याचे काम येथे अंतर आणि अंधार करतात. चित्रकाराला छायाप्रकाशाचे जे ज्ञान असते, ते या ठिकाणी कथनाचे साधन झाले.

‘अमृतमंथन’ हा ‘प्रभात’ने पुण्यास आल्यावर काढलेला चित्रपट. १९३३ मध्ये शांताराम जर्मनीत जाऊन आले होते. बळीची प्रथा बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू यांचा हा संघर्ष आहे. टेलिफोटो भिंगाने घेतलेला राजगुरूच्या डोळ्याचा प्रचंड क्लोज-अप प्रसिद्धच आहे. पेंटरांचा कॅमेरा दूर उभा राहून परिस्थिती सांगत होता. हा कॅमेरा माणसाच्या इतका निकट जातो की चेहरासुद्धा नाहीसा होतो आणि पडद्यावर केवळ धर्मांधतेची नजर उरते. शब्दांनी ‘तो क्रूर होता’ असे सांगावे, तसे हे विधान आहे. किंबहुना ते काहीसे उच्च स्वरात केलेले विधान आहे, असेही आम्ही म्हणू. हा निवेदक वाचकाला स्वतः ठरवू देत नाही.

‘कुंकू’त हाच दिग्दर्शक अधिक संयमी होतो. ‘न पटणारी गोष्ट’ या आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे आहेत. भावना सुचवण्याचा एक हमखास मार्ग बंद केल्यावर तो भार वस्तूंवर आणि त्या दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर येतो. फसवून वृद्ध काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानत नाही. तिचा विरोध संवादांत आहेच. पण काकासाहेबांच्या मनातली पडझड आपल्याला कळते ती फुटलेल्या आरशातून. त्याच्या तुकड्यांत त्यांना स्वतःचीच अनेक रूपे दिसतात, आणि ती त्यांचा उपहास करतात. येथे कॅमेरा काकासाहेबांकडे पाहत नाही. त्यांच्या डोळ्यांनी पाहतो. कादंबरीच्या परिभाषेत, निवेदन पात्राच्या जाणिवेत शिरते. ज्याच्यावर प्रेक्षकाने रागवायचे, त्याच्याच जाणिवेत ते शिरते, हे विशेष. शेवटी काकासाहेब नीरेला मुलगी मानून तिची वाट मोकळी करतात. तो बदल पटतो, याचे पुष्कळसे श्रेय या दृश्याकडे जाते, असे आमचे मत आहे.

झोपडीचे अंतर, डोळ्याची निकटता आणि आरशातली आत्मदृष्टी, असा हा बारा वर्षांचा प्रवास आहे. तो सरळ चढता होता, असा दावा आम्ही करीत नाही. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) कॅमेरा बराचसा शांतपणे समोर उभा राहतो, आणि तुकाराम-जिजाईच्या संसाराला तीच दृष्टी शोभते. कॅमेऱ्याने केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हा विवेक त्या पिढीने परस्परांच्या सहवासात कमावला होता.

हा विचार आज करण्याचे कारण आहे. मूकपटातला ‘सावकारी पाश’ आता उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे मोठ्या संख्येने जळाली. त्यांत ‘प्रभात’चाही ठेवा होता. कादंबरी पुन्हा छापता येते, चित्रपटाचे कथानक जुन्या पुस्तिकेतून कळते. कॅमेऱ्याने केलेले निवेदन मात्र फितीबरोबरच संपते. पेंटरांच्या झोपडीबद्दल आज आपण बोलतो ते बऱ्याच अंशी एका प्रेक्षकाच्या आठवणीच्या आधारे. म्हणून जे चित्रपट शिल्लक आहेत ते तरी मराठीच्या वर्गात पडद्यावर दाखवले जावेत, आणि ‘कुंकू’ शिकवताना ‘न पटणारी गोष्ट’ शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे: येथे सांगतो कोण?