जुना पॉवर टिलर घेताय? गिअरबॉक्सचं ऑइल आधी बघा

कल्याण : कल्याण, मुरबाड, शहापूर पट्ट्यात भातखाचरे लहान. बांधांमुळे मोठा ट्रॅक्टर आत नेणे अवघड, म्हणून चिखलणीला पॉवर टिलर सोयीचा. जुना स्वस्तात मिळतो. पण महाडीबीटीवरचे यांत्रिकीकरण अनुदान नव्या यंत्रालाच मिळते, हे धरून हिशेब करा. बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या.

इंजिन : थंड असतानाच सुरू करायला लावा. निळसर धूर सुटत राहिला तर ऑइल जळतंय. काळा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझलचं काम निघू शकतं.

गिअरबॉक्स : यंत्र चिखलात चालतं. ऑइल सील झिजलं की पाणी आत शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं तर बेअरिंग, गिअर खराब झालेले असू शकतात. खोलून बघितल्याशिवाय सौदा नको.

रोटरी : पाती बदलता येतात. शाफ्ट खडखडत असेल तर खर्च मोठा.

क्लच : दोन्ही बाजूंना वळवून बघा.

कागद : मूळ बिलावरचा इंजिन आणि चॅसी नंबर जुळवा. यंत्र अनुदानातलं असेल तर विक्रीच्या अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

खरेदी उन्हाळ्यातच उरका. ऐन आवणीत टिलर बंद पडला तर रोपं वाट बघत नाहीत.